जादा मालाची तक्रार

पोलिसातल्या नोकरीतले पुष्कळसे गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या घरफोडीत काय मिळाले आणि कुठल्या दरोड्यात कोण सापडला, हे कोणी विचारले तर मला जुन्या सहकाऱ्यांना फोन लावावा लागेल. चाकणच्या गोदामाचे प्रकरण मात्र तसे नाही. त्यात खून नव्हता, मारामारी नव्हती, पेपरातही चार ओळींच्या वर काही छापून आले नव्हते. तरी निवृत्त झाल्यापासून ते जितके आठवते तितके दुसरे काही आठवत नाही, आणि आठवले की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

नावे कोणाचीच लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना पुरेसा त्रास झालेला आहे.

फिर्यादी म्हणजे गोदामाचा मालक. तिथल्याच जुन्या गावातले घराणे. जमिनी कंपन्यांना गेल्या, उरलेल्या जागेवर यांनी गोदाम बांधले आणि मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार सुरू केला. धंदा चांगला चालला होता. कासारवाडीपासून आळंदीपर्यंतचे गॅरेजवाले त्यांच्याकडून माल नेत. मालक ठाण्यात आले ते यादी घेऊनच. वर्षअखेरीला माल मोजला, तर शॉकर कमी भरले. शॉकर म्हणजे शॉकअॅब्झॉर्बर, चाकाला बसलेले धक्के गाडीला लागू नयेत म्हणून असतात ते. एकदोन नव्हे, टेम्पो भरेल एवढे कमी होते.

"मोजायला चुकलं असेल," मी म्हणालो.

"दोनदा मोजलं, साहेब. माणूस खोटं बोलंल, मशीन न्हाई बोलत. मशीन म्हणतंय माल हाय, आन् रॅकवर माल न्हाई. मग गेला कुठं?"

मशीन म्हणजे काय, ते मला गोदामात गेल्यावर कळले. वर्षभरापूर्वी मालकाने नवे सॉफ्टवेअर बसवले होते. प्रत्येक खोक्यावर बारकोडची पट्टी. माल आत आला की तिच्यावर स्कॅनर धरायचा, बाहेर निघाला की पुन्हा धरायचा. बाहेर जाताना धरला की बिल आपोआप तयार होते आणि साठ्यातून तेवढा माल आपोआप वजा होतो. त्या स्कॅनरला तिथे सगळे 'गन' म्हणत. आमचा हवालदार म्हणाला, या गनला लायसन लागत नाही वाटते. मालकाला काही हसू आले नाही.

जावक टेबलावरचा कॉम्प्युटर एका माणसाच्या पासवर्डने सकाळी उघडायचा, तो शटर पडेपर्यंत तसाच उघडा राहायचा. गन कोणाच्याही हातात असो, नोंद त्या एकाच माणसाच्या नावावर. तो माणूस म्हणजे गोदामाचा स्टोअरकीपर. मराठवाड्यातून हमाल म्हणून आलेला, हळूहळू मालकाच्या विश्वासातला झालेला. बायको आणि धाकटा भाऊ त्याच्याबरोबर चाकणलाच भाड्याच्या खोलीत राहत. वडील लवकर गेले, त्यामुळे भावाला त्यानेच लहानाचे मोठे केलेले. गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर त्याला चिकटवलेही यानेच. इथे सोयीसाठी मी त्यांना थोरला आणि धाकटा असेच म्हणतो.

नोकरानेच केलेल्या चोरीचा गुन्हा दाखल करून मी तपास माझ्याकडे घेतला. थोरल्याला चौकशीला बोलावले. तो रोज वेळेवर हजर व्हायचा, बाकावर ताठ बसायचा आणि विचारले त्याला सरळ उत्तर द्यायचा. माल मी घेतला नाही, कोणी घेतला ते माहीत नाही. घरझडती घेतली, त्यात काही मिळाले नाही. तुटीची यादी मी त्याला दाखवली नव्हती. आरोपीला यादी दाखवायची नसते, म्हणजे तो स्वतःहून काय बोलतो ते तिच्याशी ताडून पाहता येते. ही आमची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे.

माझे तर मत व्हायला लागले होते की हा माणूस निर्दोष आहे. खोटे बोलणाऱ्याचे उत्तर रोज थोडे थोडे सुधारत जाते. याचे रोज तेच आणि तेवढेच होते.

अशात खबर आली. कासारवाडी स्टेशनाजवळच्या टपरीवर आमचा एक खबऱ्या बसत असे. त्याने आमच्या डी.बी., म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या अंमलदाराला सांगितले की गोदामावरचा एक पोरगा ड्युटी सुटल्यावर तिकडच्या एका गॅरेजात जातो, त्याच्या मोटारसायकलवर शॉकरची खोकी पाहिलेली आहेत, आणि तो कोणाशी फारसे बोलत नाही. वर्णन धाकट्याचे होते.

दुसऱ्या दिवशी थोरला नेहमीप्रमाणे बाकावर येऊन बसला. मी त्याला आत घेतले आणि आवाज न चढवता सांगितले की आता तुझ्या भावाचे नाव पुढे येत आहे, आज त्याला उचलावे लागेल. दोन माणसे एका घरातली असली की एकाचे नाव दुसऱ्यासमोर टाकून पाहायचे असते. त्याने काहीतरी हलते.

थोरल्याने पाणी मागितले. पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "त्याला कशाला आणता साहेब. माल मीच काढलाय. समदा मीच काढलाय."

इतके दिवस न हललेला माणूस एका वाक्यात आडवा झाला होता. कोणाला विकला, असे विचारले तर म्हणाला, भंगारवाल्याला. कुठला भंगारवाला? आठवत नाही. कशातून नेला? टेम्पोतून. कोणाच्या? रस्त्यावरचाच होता. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, हे आमच्या नव्या शिपायालाही ठाऊक असते. त्यातून मुद्देमाल निघाला तरच त्याला किंमत. तरी माणूस स्वतः गुन्हा कबूल करतो म्हटल्यावर त्याला घरी पाठवता येत नाही. अटक केली, रिमांड घेतला आणि त्याला सगळ्या भंगार बाजारात फिरवून आणले. कुठलेही दुकान त्याला ओळखता आले नाही आणि कुठल्याही दुकानदाराने त्याला ओळखले नाही.

त्या दिवसांत धाकटा रोज ठाण्याच्या फाटकाशी यायचा. हातात डबा असायचा. पहिल्याच दिवशी त्याने मला गाठले.

"साहेब, दादा आसं करणार न्हाई."

मी त्याला सांगितले की दादाने स्वतः कबूल केले आहे.

"केलं आसंल. तरी मी न्हाई मानत. त्यानं माझ्यासमोर म्हणलं तरी न्हाई मानणार."

असे नातेवाईक ठाण्यात पुष्कळ येतात. आई येते, बायको येते, सगळ्यांचे म्हणणे हेच असते. पण ते रडतात, पाया पडतात, वशिला शोधतात. हा तसले काहीच करत नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावे तसे एकदा सांगून डबा ठाणे अंमलदाराकडे देऊन कामावर जायचा. मला त्याचा राग यायचा, खरे सांगतो. तपास अधिकाऱ्याला एवढी खात्री असलेला माणूस समोर नको असतो.

त्याच्याबद्दलची खबरही मी तपासली. गॅरेजवाल्याने सरळ सांगितले की पोरगा संध्याकाळी फिटरचे काम शिकायला येतो, येता येता गोदामातून आमचाच माल आणतो. त्याने खोक्यांची बिले दाखवली, आणि ती खरी होती. धाकट्याला विचारले, हे लपवून का ठेवलेस? तर म्हणाला, दादाने नोकरी लावली आणि मी दुसरे शिकतोय म्हटल्यावर त्याच्या मनाला लागेल. म्हणून ओव्हरटाइम आहे असे घरी सांगायचा. गॅरेजवाला थोडेफार पैसे देई, ते साठवून कामाची हत्यारे घ्यायची आणि मगच दादाला सांगायचे, असा त्याचा बेत होता.

म्हणजे खबर फुसकी निघाली. आता हातात राहिला फक्त कबुलीजबाब, आणि तो मला टोचत होता. चोर कबूल करतो तेव्हा दहातले चार कबूल करतो आणि सहा गिळतो. हा विचाराल ते कबूल करत होता. कोठडीतल्या शेवटच्या दिवशी मी त्याला सहज विचारल्यासारखे करून म्हणालो, "आणि क्लचप्लेटा रे?"

"त्या बी मीच नेल्या, साहेब."

यादीत क्लचप्लेट नव्हती. गोदामातून एकही क्लचप्लेट कमी झालेली नव्हती.

मी सहकाऱ्यांशी बोललो, पण ते म्हणाले, माणूस घाबरला की काहीही बोलतो, माल तर गेलेला आहेच ना. तेही खोटे नव्हते. मुदत संपल्यावर थोरला न्यायालयीन कोठडीत, येरवड्याला गेला आणि माझ्याकडे एक न केलेला गुन्हा कबूल करणारा आरोपी आणि एक न सापडणारा माल उरला.

पुढचे कोडे सुटले ते माझ्या घराजवळ, संत तुकाराम नगरात. बायकोबरोबर किराणा आणायला गेलो होतो. तिने अंगाचे तीन साबण घेतले, एक चंदनाचा, एक गुलाबाचा, एक लिंबाचा. काउंटरवरच्या मुलीने चंदनाचा साबण हातात धरून त्याच्यावरच तीनदा गन मारली आणि बाकीचे दोन तसेच पिशवीत टाकले. माझी बायको बिल वाचल्याशिवाय पैसे देत नाही. ती म्हणाली, "यात तिन्ही चंदनाचेच लागलेत."

"काकू, किंमत सेमच आहे ना," मुलगी म्हणाली.

मी विचारले की मग गुलाबाचा साबण तुमच्या कॉम्प्युटरात अजून दुकानातच असेल? ती म्हणाली, असेल की. आणि चंदनाचे दोन तिथे नसतील, पण फळीवर असतील? ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, निदान इथे तरी कोणाचे जबाब घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात जाऊन जावक टेबलापाशी काही न बोलता उभा राहिलो. टेम्पो लागला होता. एका कामगाराने हाताशी होते ते एक खोके टेबलावर ओढले आणि त्याच्याच पट्टीवर गन दाबत राहिला. टीं टीं टीं. बाकीची खोकी रॅकवरून थेट टेम्पोत चालली होती. मी त्याला विचारले, प्रत्येकावर का मारत नाहीस? त्याने मला समजावून सांगितले, जसे लहान मुलाला सांगतात. खोके जड, पट्टी त्याच्या बुडाला, ते उलटे कोण करील? टेम्पोवाला तर आल्यापासून बोंबलत असतो. आणि किंमत एकच असल्यावर बिलात काय फरक पडतो? सगळे असेच करतात, दादाही असेच करायचा.

मग मी अकाउंटंटला विचारले की मोजणीत काही माल जास्त भरला होता का. तो म्हणाला, भरला होता, पण त्याचा कागद काढला नाही. मालकांनी फक्त तुटीचा काढायला सांगितला होता. मी मालकाकडे वळलो.

"जादा हाय ते माझंच हाय की, साहेब," मालक म्हणाले. "त्याची कुनी तक्रार करतं व्हय?"

जादा मालाचा कागद काढायला लावला आणि तुटीच्या शेजारी ठेवला. दोन्हीकडे मालाचे तेच नंबर आणि तेवढेच नग होते, फक्त नंबराचे शेवटचे अक्षर वेगळे. मोटारीच्या पुढच्या चाकांना डावीकडचा शॉकर वेगळा असतो आणि उजवीकडचा वेगळा. खोकी सारखी, किंमत सारखी. गिऱ्हाईक जोडी मागायचे, त्याला जोडी मिळायची. पण डाव्यांचा रॅक टेबलाला लागून होता, म्हणून गन दोन्ही वेळा डाव्यावरच पडायची. कॉम्प्युटरच्या हिशेबी डावेच गेले होते आणि उजवे सगळे रॅकवर होते. प्रत्यक्षात जेवढे उजवे कमी, तेवढेच डावे जास्त. पंचांसमोर सगळा माल पुन्हा मोजला, पंचनामा केला, गॅरेजवाल्यांचे जबाब घेतले. एकानेही बिलावरचे ते शेवटचे अक्षर कधी वाचले नव्हते. एकही शॉकर चोरीला गेलेला नव्हता.

मालक खूश झाले. त्यांनी चहा मागवला. थोरल्याचे काय करणार, असे मी विचारले तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. "त्यानं कबूल केलं व्हतं ना, साहेब? न केलेली चोरी जो कबूल करतो, तो उद्या काय बी करंल. आमी त्याला परत न्हाई ठेवणार." मला राग आला. चहा तसाच ठेवून मी उठलो.

न्यायालयाला अहवाल दिला आणि थोरला सुटला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून प्रकरण बंद करण्याची 'सी समरी' न्यायालयात पाठवायची होती, त्यासाठी त्याचा पुरवणी जबाब हवा होता. खोटी कबुली का दिली, हे कागदावर आल्याशिवाय वरचे लोक मला सोडणार नव्हते. म्हणून सुटल्यावर त्याला ठाण्यात बोलावले. धाकटा बरोबर आला होता. धुतलेला शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन. ठाणे अंमलदारापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत त्याने सगळ्यांना पेढे वाटले. माझ्यासमोर पुडा धरून म्हणाला, "म्हणलं नव्हतं का, साहेब?" मी पेढा घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. कोणा आरोपीच्या नातेवाइकाने इतके दिवस सांगितले आणि ते शब्दशः खरे निघाले, असे माझ्या नोकरीत फार वेळा घडलेले नाही.

थोरला मात्र त्याच्याकडे पाहत नव्हता.

आत टेबलाशी हवालदाराने जबाब लिहून घेतला. थोरला इतक्या हळू बोलत होता की हवालदाराला कान पुढे करावा लागत होता. जबाब संपला की तो देणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो. हवालदार जुना माणूस, आवाज खणखणीत. त्याने नेहमीच्या ठाण्याच्या भाषेत वाचायला सुरुवात केली, आणि धाकटा पुडा घेऊन दारातच उभा होता, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

"माझा लहान भाऊ काही महिन्यांपासून घरी उशिरा येत असे व ओव्हरटाइमबाबत खोटे सांगत असे. त्याच्या खिशात मी पैसे पाहिले होते. सबब सदरची चोरी त्यानेच केली असावी, अशी माझी खात्री झाली. त्याचे नाव पुढे येत असल्याचे समजल्याने, त्याला वाचवण्याकरिता मी खोटी कबुली दिली. माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे."

बरोबर आहे ना, असे हवालदाराने विचारले. थोरल्याने होकाराची मान डोलावली.

धाकटा आत आला. मला वाटले, आता हा भावाच्या गळ्यात पडेल. त्याच्यासाठी माणूस तुरुंगात जाऊन आला होता. सिनेमात असते तर तसेच झाले असते.

"दादा," तो म्हणाला, "मला एकदा इचारायचं तरी. घेतलंस का म्हणून. एवढंच इचारायचं."

थोरला म्हणाला, "तुला वाचवाया गेलो रे मी."

"व्हय. पर तू जेलात गेलास म्हंजी तुला पक्कं वाटलं आसंल. जरा जरी डाऊट आसता तर तू गेला नसतास."

तो ओरडला नाही. मी त्याला समजावायला लागलो की बाबा रे, एवढा त्याग आजकाल कोण करतो. मी बोलत होतो आणि मलाच माझे बोलणे पोकळ वाटत होते. त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि भावाला घेऊन निघाला. रिक्षात दोघे शेजारीच बसले.

माझ्या नोकरीत मी लोकांना दागिने परत दिले, गाड्या परत दिल्या, एका म्हातारीला तिच्या नवऱ्याचे घड्याळ परत दिले. खरोखर चोरी झालेली असली की काहीतरी परत देता येते. इथे काही गेलेच नव्हते, त्यामुळे परत द्यायलाही काही नव्हते. वरिष्ठांनी तपासाबद्दल शाबासकी दिली. मी ती घेतली आणि घरी आलो.

थोरला बायकोला घेऊन भोसरीकडे गेला आणि वॉचमनची नोकरी धरली. निवृत्तीनंतर एकदा माझी गाडी कासारवाडीला दुरुस्तीला नेली, तेव्हा धाकटा भेटला. आता तो पक्का फिटर झाला आहे, वेगळा राहतो. माझ्याशी चांगला बोलला, चहा पाजला. मी विचारले, दादाशी बोलणे आहे का? म्हणाला, आहे की, सणावाराला जातो, वहिनी जेवू घालते. मग त्याला माफ केलेस ना, असे मी विचारले.

"माफ तवाच केलं, साहेब. त्यानं वाढवलंय मला." त्याने हात फडक्याला पुसले. "पर त्याच्या घरून निघताना दारात माझा हात आपोआप खिशाकडं जातो. वाटतं, खिसे उलटे करून दाखवावेत, मग जावं."

त्याच्याकडे पाहून मला वाटले की या पोराचा खटला अजून चालूच आहे आणि तो माझ्या किंवा कुठल्याही न्यायालयाच्या हातातला नाही. आयुष्यभर मी एवढेच करत आलो होतो, की पुरावा गोळा करायचा आणि कोणी केले, कोणी नाही केले ते ठरवून द्यायचे. त्याने माणूस सुटतो अशी माझी समजूत होती. घरच्याच माणसाने एकदा मनात चोर ठरवले, की कुठल्याही पुराव्याने सुटका होत नाही. हे मला त्या प्रकरणाने शिकवले, आणि ते शिकून मला काही उपयोग झाला असे मी म्हणू शकत नाही.